द्राक्षाची फ्रूट बीअर घरी करता येते का? (नाशिककरांनो, मदत हवी)

गोदाकाठचा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय. मेव्हण्याकडे पुण्याला गेलो होतो तेव्हा त्याने एका मायक्रोब्रुअरीत नेलं आणि तिथे जांभळाची बीअर पाजली, तेव्हापासून ती चव जिभेवरून जात नाहीये. आता सटाण्याकडची अर्ली द्राक्षं मार्केटला यायला लागलीत, थंडी पण मस्त पडलीये, आणि मला सारखं वाटतंय की अख्खा देश आपल्याला वाईनसाठी ओळखतो मग द्राक्षाची बीअर का नाही? दुकानात फ्रूट बीअर म्हणून जे गोड लाल सोड्याचं पाणी मिळतं ते नकोय, खरी माल्टची, वर फेस असलेली पाहिजे.

घरात २० लिटरची स्टीलची टाकी आहे, मोठा कुकर आहे, बायकोची परवानगी आहे (अर्धी). द्राक्षं कधी घालायची, उकळताना की नंतर? किती घालायची? आणि इथे नाशिकमध्ये माल्ट, यीस्ट वगैरे मिळतं का? जाणकारांनी प्रकाश टाका.

उगाच_एक
बायकोची अर्धी परवानगी म्हणजे कुठली अर्धी ते आधी क्लिअर करा, सामान नंतर घ्या.

कोर्टाची_पायरी
रंगाचा बेरंग करतोय, माफ करा, पण कोणीतरी सांगायलाच हवं. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आधी मुंबई दारूबंदी कायदा म्हणायचे, आता महाराष्ट्र म्हणतात. त्यात विनापरवाना मद्य तयार करणं हाच गुन्हा आहे. विकलं नाही, स्वतःपुरतं केलं, दोनच लिटर केलं, यातलं काहीही चालत नाही. लोकांना वाटतं की हातभट्टी म्हणजेच गुन्हा आणि बीअर वाईन म्हणजे शौक, पण कायद्याच्या व्याख्येत अल्कोहोल असलेलं पेय म्हणजे मद्य, मग ते मोहाचं असो की माल्टचं. आपल्याकडे प्यायलासुद्धा परवाना लागतो, वाईन शॉपमध्ये तो एक दिवसाचा कागद फाडतात ना तोच तो. त्यामुळे गोदाकाठचे साहेब, २० लिटरची टाकी पाण्यालाच राहू द्या.

गोदाकाठचा
हे माहीत नव्हतं असं नाही, पण इतकं कडक असेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे शेजारचे काका दरवर्षी बरणीत द्राक्षाची वाईन घालतात ते पण?

कोर्टाची_पायरी
काकांचं नाव इथे लिहू नका एवढंच म्हणतो.

लीड्सचा_नाशिककर
मी मूळचा नाशिकरोडचा, आता बरीच वर्षं इंग्लंडात. इथे १९६३ पासून घरच्या बीअरला लायसन्स लागत नाही, विकायची नाही एवढी एकच अट. अमेरिकेत १९७८ मध्ये कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना कायदा बदलला आणि मग तिथे हा छंद जो वाढला तो वाढलाच. मी इथे फळांची बीअर नेहमी करतो. त्यामुळे कशी करतात ते सांगतो, जिथे चालतं तिथे करा, बाकीच्यांनी वाचनसुख घ्या.

आधी मूळ प्रश्नाचं उत्तर. फळ उकळताना घालायचं नाही. दोन कारणं. एक म्हणजे फळ उकळलं की त्यातलं पेक्टिन सुटतं, ज्याच्यामुळे जॅम धरतो तेच, आणि बीअर कायमची गढूळ राहते. दुसरं म्हणजे वास. यीस्ट जोरात काम करत असतं तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे लोटच्या लोट बाहेर पडतात आणि फळाचा सगळा सुगंध सोबत घेऊन जातात, खोलीत घमघमाट आणि ग्लासात काहीच नाही. म्हणून पहिलं आंबवणं पूर्ण होऊ द्यायचं, जोर ओसरला की मग फळ.

मी २० लिटरला अडीच किलो बार्लीचा पेल माल्ट आणि दोन किलो गव्हाचा माल्ट घेतो. गव्हाने फेस टिकतो आणि चव हलकी राहते, फळाला जागा मिळते. भरडलेला माल्ट ६६ अंशाच्या आसपासच्या पाण्यात तासभर. ६६ म्हणजे ६६, थर्मामीटर लावून, कारण ७५ च्या वर गेलं की एन्झाइम मरतात आणि मग तुम्ही बीअर नाही पेज करताय. मग गाळून ते गोड पाणी तासभर उकळायचं, सुरुवातीलाच २० ग्रॅम हॉप्स (बीअरला कडूपणा देणारी वाळवलेली फुलं), तेही सौम्य. फळाच्या बीअरला कडूपणा कमीच बरा, आंबट आणि कडू एकत्र आले की औषध प्यायल्यासारखं लागतं. मग पटकन २० अंशापर्यंत गार करून यीस्ट. ढवळायला, गाळायला, ओतायला जे जे लागेल ते निर्जंतुक, इथे आळस चालत नाही.

आठवड्याभरात हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायची नळी, साखर आंबली की आकडा उतरतो) १.०४८ वरून १.०१० च्या आसपास येतो. म्हणजे अल्कोहोल साधारण ५ टक्के. आता द्राक्षं.

आजीचा_डबा
मध्येच विचारते, माल्ट म्हणजे धान्याला मोड आणून वाळवलेलं ना? म्हणजे आपण नाचणी भिजवून मोड आणून, सावलीत वाळवून, भाजून दळतो आणि बाळाला सत्त्व देतो तसंच की हे.

लीड्सचा_नाशिककर
अगदी तेच हो ताई. मोड येताना दाण्यात जे एन्झाइम तयार होतात ते पिठाची साखर करतात, म्हणून सत्त्व साखर न घालताही गोडसर लागतं. फक्त इथे भाजणं जपून करतात नाहीतर एन्झाइम जातात.

बागेतला_बाप्या
राम राम. निफाड तालुका, द्राक्ष बागायतदार. आमच्याकडे दारू कोणी करत नाही (करत असेल तर मला माहीत नाही), पण द्राक्षाबद्दल बोलतो.

पहिली गोष्ट, थॉमसन घेऊ नका. मार्केटला जे लांब हिरवं पिवळं द्राक्ष दिसतं, थॉमसन काय, सोनाका काय, तास-ए-गणेश काय, त्यात गोडी भरपूर आहे पण वास नाही. साखर सगळी आंबून गेली की मागे उरणार काय? पाणचट आंबट. साल पातळ, रंग नाही. काळ्यात शरद सीडलेस घ्या, जम्बो घ्या, रंग तरी येईल. खरं म्हणाल तर वाईनचं द्राक्ष पाहिजे, शिराझ किंवा कॅबरने, मणी बारका, साल जाड, आत बी, खायला बेचव म्हणून पाहुण्यांपुढे ठेवत नाही आम्ही. पण ते बहुतेक वाईनरीशी करार करूनच लावलेलं असतं, मार्केटला दिसणार नाही, ओळखीत कुणाकडे दोन चार क्रेट मिळाले तर बघा.

दुसरी गोष्ट फवारणी. भुरी आणि डाऊनी हे बुरशीचे रोग, त्यात भुरीसाठी आम्ही गंधक मारतो, डाऊनीसाठी वेगळी औषधं. प्रत्येक औषधाला काढणीआधी किती दिवस थांबायचं ते ठरलेलं असतं, आणि युरोपला माल जातो त्याची तर लॅबमध्ये तपासणी होते. पण लोकल मार्केटला कुणी शेवटची फवारणी कधी केली हे तुम्हाला हातगाडीवाला सांगणार नाही. तेव्हा ओळखीच्या बागेतून घ्या आणि चांगली धुऊन घ्या.

निवृत्त_केमिस्ट
बाप्या साहेबांनी गंधकाचा मुद्दा काढला तो फार महत्त्वाचा. सालीवर गंधक राहिलं आणि ते आंबवण्यात गेलं की यीस्ट त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतं. सडक्या अंड्याचा वास. वाईनवाले याला घाबरून असतात. एकदा आला की घरगुती पातळीवर घालवणं अवघड.

आणि पाण्याचं. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. माल्टमधली आणि सालीतली काही द्रव्यं क्लोरीनशी जुळली की क्लोरोफिनॉल तयार होतं, त्याचा वास बँडेडसारखा, आणि तो अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो. पाणी उकळून उघडं गार करा किंवा आरओचं घ्या. गंगापूर धरणाचं पाणी चांगलं आहे म्हणून नळाचं डायरेक्ट वापरू नका.

सातपूरकर
माझा प्रश्न सगळ्यांनाच. घरी केलेली असली बीअर विषारी होऊ शकते का? मुंबईत मालवणीची विषारी दारूची घटना आठवते, २०१५ ला शंभरावर माणसं गेली. आमच्या कंपनीतला एकजण ठामपणे म्हणतो की घरी आंबवलं की मेथनॉल होतंच.

निवृत्त_केमिस्ट
कंपनीतल्या मित्राचं अर्धं खरं. फळातल्या पेक्टिनपासून आंबताना थोडं मेथनॉल सुटतं, वाईनमध्येही असतं, फळांच्या रसातही किंचित असतं. पण ते इतकं कमी की त्याने माणूस आंधळा होत नाही. मालवणीसारख्या घटनांत लोकांना कारखान्यात वापरायचं मेथनॉल मिसळून विकलेलं असतं, ते आंबवल्याने आलेलं नसतं. नुसत्या आंबवलेल्या बीअरमध्ये मुख्य धोका दोनच, अस्वच्छतेने खराब होणं आणि बाटली फुटणं. भट्टी लावून ऊर्ध्वपातन हा वेगळा विषय, त्याच्या वाटेला कोणीही कधीही जाऊ नये.

लीड्सचा_नाशिककर
बाटली फुटण्यावर आता येतोच, कारण फ्रूट बीअरमध्ये खरी गोम तिथेच आहे आणि यूट्यूबवाले ते सांगत नाहीत.

तर द्राक्षं. मी लिटरला २०० ग्रॅम घेतो, म्हणजे २० लिटरला चार किलो. देठं सगळी काढायची, देठाने तुरटपणा येतो. धुऊन रात्रभर फ्रीजरमध्ये. गोठलं की आतल्या पेशी फुटतात आणि बाहेर काढल्यावर मणी आपोआप लुळा पडतो, रस सुटतो. मग हाताने कुस्करायचं, मिक्सर नाही, बी फुटली की कडू. पातेल्यात ७० अंशापर्यंत नेऊन पाचेक मिनिटं ठेवायचं, उकळी नाही आणायची, जंगली यीस्ट मरतं आणि पेक्टिन फार सुटत नाही. गार करून दुसऱ्या भांड्यात टाकायचं आणि त्यावर नळीने बीअर सोडायची, वरून ओतून खळखळ नाही करायची कारण या स्टेजला हवा मिसळली की बीअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

आणि मग यीस्ट परत जागं होतं. हाच मुद्दा. द्राक्षात १८ टक्के साखर धरा. २०० ग्रॅम द्राक्षात ३६ ग्रॅम साखर. लिटरभर बीअरमध्ये २०० ग्रॅम द्राक्षं मिसळली की एकूण झालं साधारण १.२ लिटर, म्हणजे लिटरमागे ३० ग्रॅम नवी साखर. ही सगळी आंबली की तुमची ५ टक्क्यांची बीअर ६ च्या जवळ जाते, ते सोडा. गॅस बघा. लिटरमागे ४ ग्रॅम साखर म्हणजे जवळजवळ १ व्हॉल्यूम गॅस, म्हणजे लिटरभर बीअरमध्ये लिटरभर गॅस. नेहमीच्या बीअरमध्ये अडीच व्हॉल्यूम असतो. फळ घातलं आणि ते आंबायच्या आत घाईत बाटलीत भरलं, तर त्या ३० ग्रॅमचा साडेसात व्हॉल्यूम गॅस बंद बाटलीत तयार होणार. एवढा दाब शॅम्पेनच्या जाड बुडाच्या बाटलीलाही जड जातो, आपली साधी बीअरची बाटली काय टिकणार. काचेचे तुकडे भिंतीत घुसतात असले फोटो इथल्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात येतात.

म्हणून फळावर दोन आठवडे तरी, घाई नाही. हायड्रोमीटर सलग तीन दिवस एकच आकडा दाखवायला लागला की मगच बाटली, आणि बाटलीत भरताना गॅससाठी लिटरला मोजून ६ ग्रॅम साखर. चमच्याने नाही, वजनकाट्याने.

उगाच_एक
धागा वाचूनच चढली. आता व्हॉल्यूम कमी करा.

माल्टप्रेमी
+१ लीड्सकर. थोडी भर घालतो. इटालियन लोकांनी द्राक्ष आणि बीअर एकत्र करून एक आख्खी शैलीच केलीये, इटालियन ग्रेप एल म्हणतात. त्यात माल्टच्या गोड पाण्यात वाईनच्या द्राक्षांचा रस मिसळून आंबवतात. बेल्जियममध्ये आंबट चेरीची क्रीक कित्येक पिढ्या करतायत. म्हणजे फळ घालणं हे काही नवीन फॅड नाही. जर्मनीत बव्हेरियात मात्र १५१६ चा तो बीअरच्या शुद्धतेचा नियम, बार्ली, हॉप्स आणि पाणी सोडून काही नको, यीस्टचा त्यात उल्लेख नव्हता.

सामानाबद्दल: आपल्याकडे बार्ली मुख्यतः राजस्थान आणि त्या बाजूला होते, हॉप्स भारतात लाहौलच्या खोऱ्यात पिकतात पण थोडेच. ऑनलाइन मिळतं सगळं. पण मिळतं म्हणून करावं असं नाही, वर वकील साहेबांनी सांगितलंच आहे.

संपादक
चर्चा छान चालू आहे. एकच विनंती, महाराष्ट्रात विनापरवाना मद्य बनवणं बेकायदेशीर आहे, तेव्हा "मी इथे असं केलं, तुम्ही पण करा" छापाचे प्रतिसाद उडवले जातील. माहितीपर चर्चेला हरकत नाही.

सुरगाण्याची_स्ट्रॉबेरी
स्ट्रॉबेरीची होईल का? आमच्याकडे सुरगाण्याला आता बरीच होते, सापुताऱ्याच्या रस्त्यावर ढीग लागलेले असतात, सीझनच्या शेवटी भाव पडतो तेव्हा अक्षरशः फुकट.

लीड्सचा_नाशिककर
स्ट्रॉबेरी हे माझ्या मते सगळ्यात फसवं फळ. आंबल्यावर लाल रंग उडतो, फिका पिवळट होतो, आणि वास कुठे जातो कळत नाही. खाण्यातच मजा. त्यापेक्षा जांभूळ किंवा पेरू. पेरूचा वास आंबवल्यावरही खमका राहतो, हा बहुतेक लोकांना आश्चर्याचा धक्का असतो. डाळिंबाचे दाणे चालतात पण मधला पांढरा पापुद्रा एकसुद्धा जाता कामा नये, तोंड आखडतं.

गोदाकाठचा
सगळ्यांचे आभार, एवढं तर मला कॉलेजात केमिस्ट्रीत कळलं नव्हतं. पण आता प्रॅक्टिकल बोलू. लायसन्सचा विषय बघता खरी बीअर इथे करणार नाही, ठरलं (अर्धी परवानगी पण आज सकाळी रद्द झाली, हा धागा घरी वाचला गेला). पण बीअरसारखं काहीतरी, फेसाळ, द्राक्षाचं, साखरपाण्याच्या सोड्यापेक्षा बरं, असं नशा न येणारं घरी करता येईल का?

आजीचा_डबा
येईल की. आमच्याकडे मुलगी बंगळुरूहून शिकून आली, तिने आल्याचं विरजण लावायला शिकवलं, इंग्रजीत जिंजर बग म्हणतात. सांगते.

काचेच्या बरणीत दोन कप उकळून गार केलेलं पाणी, एक मोठा चमचा किसलेलं आलं सालीसकट, एक मोठा चमचा साखर. आलं धुवा पण सोलू नका, जे काय जंतू लागतात ते सालीवरच असतात. वर कपडा बांधून ओट्यावर. रोज एक चमचा आलं, एक चमचा साखर घालून ढवळायचं. थंडीत आठवडा घेतं, एप्रिलमध्ये तीन दिवसांत होतं. तयार झालं की कळतं, ढवळलं की कडेने बारीक फेसाची रिंग येते, आल्याचा कीस सगळा वर तरंगतो आणि कान लावला तर चक्क चुरचुर ऐकू येते.

मग काळ्या द्राक्षांचा रस. मी द्राक्षं थोड्या पाण्यात कोमट करून गाळते, त्यात निम्मं पाणी, लिंबू, चिमूट मीठ. एक लिटरला पाव कप विरजण गाळून घालायचं. आणि सोड्याची प्लास्टिकची बाटली, काचेची नाही, वर चार बोटं जागा सोडून. ओट्यावर ठेवून दर थोड्या वेळाने बाटली दाबून बघायची. दबेनाशी झाली की लगेच फ्रीजमध्ये. एक दोन दिवसांत होतं. दोन तीन दिवसांत पिऊन टाकायचं, साठवायचं नाही.

माल्टप्रेमी
ताई छान आहे पण याला बीअर म्हणू नका हो. माल्ट नाही, हॉप्स नाही. हा द्राक्षाचा आल्याचा सोडा झाला.

आजीचा_डबा
मी कुठे म्हटलं बीअर? तुम्हाला माल्ट हवा तर नाचणीचं सत्त्व कोमट पाण्यात कालवून गाळून त्यात घाला, घरात कोणाच्या तरी डब्यात असतंच. मग म्हणा काय म्हणायचं ते.

कोर्टाची_पायरी
ताईंची कृती चांगली आहे, पण एक लक्षात घ्या. जिथे साखर आणि यीस्ट तिथे थोडं अल्कोहोल आलंच. खाद्यसुरक्षेच्या नियमात ०.५ टक्क्याच्या वर गेलं की मद्य धरतात, आणि दारूबंदी कायद्याने तर असा आकडाही लावलेला नाही. एका दिवसात फ्रीजमध्ये गेलेल्या पेयात ते कमी राहील, बाहेर आठवडाभर ठेवलं तर नाही राहणार. बाटलीवर तारीख लिहा. लहान मुलांना आणि गरोदर बाईला देऊ नका, आणि कुणाला गोळ्या चालू असतील तर तेही विचारा.

लीड्सचा_नाशिककर
अजून एक मार्ग आहे ज्यात आंबवणंच नाही, आणि चव बीअरच्या जास्त जवळ जाते. हॉप्सचा काढा करायचा. पाणी ८० अंशाला आलं की गॅस बंद, लिटरला दोन ग्रॅम हॉप्स टाकून दहा मिनिटं झाकायचं आणि गाळायचं, फार वेळ उकळलं तर कडूजहर होतं. त्यात द्राक्षाचा गाळलेला रस, थोडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (काकवीसारखं घट्ट येतं, बेकरीवाले वापरतात), लिंबू. हे सगळं दाट ठेवायचं, बर्फासारखं गार करायचं, आणि वर सोडा मशीनचा गार सोडा. रस आणि सोडा दोन्ही गार पाहिजेत, गॅस कोमट पाण्यात टिकत नाही. शून्य अल्कोहोल, वकील साहेब खूश, घरातली परवानगीपण पूर्ण.

सातपूरकर
हे करून बघण्यासारखं आहे. हॉप्स ऑनलाइन घ्यायला काही अडचण नाही ना?

कोर्टाची_पायरी
हॉप्स म्हणजे वाळवलेली फुलं, त्यात मद्य नाही. काढा प्या, खुशाल.

गोदाकाठचा
अपडेट देतोय. दोन्ही केलं.

आल्याचं विरजण आमच्याकडे हळू चाललं, पहाटे ओटा बर्फासारखा असतो, निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पाच सहा अंशाच्या बातम्या येतायत तिथे आपल्या शहरात तरी काय वेगळं. शेवटी बरणी टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सवर ठेवली आणि तिथे बरोबर ऊब मिळाली. ताई म्हणाल्या तसा आल्याचा कीस सगळा वर आला, झाकण काढलं की फस्स. बाटली दाबून बघायचा घरात सगळ्यांना चाळाच लागला, येता जाता प्रत्येकजण दाबतोय. रंग इतका सुंदर आला, गडद जांभळा आणि वर गुलाबी फेस, पण फेस दोन मिनिटांत बसतो. चव आंबटगोड, मागून आल्याचा झणका.

हॉप्सवालं मला जास्त आवडलं. पहिल्या घोटाला बायको म्हणाली कडुनिंब घातलाय का, दुसरा ग्लास मात्र तिनेच मागितला. थॉमसनचा रस घालून एक वेगळा ग्लास केला, बाप्या साहेब बरोबर बोलले, नुसतं गोड, द्राक्ष कुठे आहे ते शोधावं लागतं. शरदमध्ये सालीचा तुरटपणा येतो तो हॉप्सशी जमतो.

आता फेस टिकवायचा कसा?

लीड्सचा_नाशिककर
भारीच! फेसाचं: बीअरमध्ये तो माल्टमधल्या प्रथिनांमुळे आणि हॉप्समुळे टिकतो, नुसत्या फळाच्या रसात प्रथिनं नाहीत म्हणून बसतो. माल्ट एक्स्ट्रॅक्ट थोडं वाढवून बघ, गव्हाचं मिळालं तर उत्तम. आणि ग्लास बघ. भांड्याच्या साबणाचा किंवा तेलाचा जरासा अंश राहिला तरी फेस मरतो. आपल्याकडे फोडणीच्या कढईबरोबर एकाच घासणीने ग्लास घासतात, तिथेच गेला फेस. ग्लास वेगळे घास, गरम पाण्याने विसळ, पुसू नको, उलटे वाळू दे.

निवृत्त_केमिस्ट
ओठांना तूप, लिप बाम लागलेलं असेल तरी फेस बसतो हेही लक्षात घ्या. थंडीत सगळेच लावतात.

उगाच_एक
म्हणजे आधी वरणभात तूप आणि मग बीअर असं चालणार नाही. संपला विषय, मी आउट.

माल्टप्रेमी
बरं, मागचं बोलणं मागे घेत नाही पण हॉप्स आणि माल्टवालं बीअरच्या जवळ आहे हे मान्य. द्राक्ष संपलं की मे मध्ये करवंदं येतील त्र्यंबकच्या बाजूची, त्याचा रंग आणि आंबटपणा हॉप्सबरोबर चांगला जाईल असा माझा अंदाज. जूनमध्ये जांभूळ. कोणी केलं तर इथेच लिहा, नवीन धागा नको.

सुरगाण्याची_स्ट्रॉबेरी
न आंबवलेल्या प्रकारात स्ट्रॉबेरीचा वास टिकेल ना मग? आंबवणंच नाही तर उडेल कशाला.

लीड्सचा_नाशिककर
टिकेल. बरोबर पकडलंत. फक्त गरम करू नका, कच्चीच कुस्करून, साखर लावून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा, जो रस सुटेल तो गाळून वापरा.

गोदाकाठचा
बाप्या साहेब, शिवरात्रीला घरी पंधरा माणसं आहेत, सगळ्यांना हे पाजायचंय. तुमच्या बागेतून दोन क्रेट काळी मिळतील का? हातगाडीवरची नको आता, तुम्ही घाबरवून ठेवलंय.

बागेतला_बाप्या
मिळतील. माझी शरदची काढणी तेव्हाच चालू असते. गंधक त्या प्लॉटला थांबवलंय, शेवटच्या औषधाची तारीख वहीत लिहिलेली आहे, दाखवतो. सकाळी नऊच्या आत या, दव उतरल्यावर आणि ऊन चढायच्या आधी तोडलेला माल टिकतो. क्रेट तुमचे आणा, खाली कागद घालून. आणि एक बाटली त्या हॉप्सवाल्याची घेऊन या, मजुरांना नाही, मला.